साताचा पाढा सोमवारी यायचा, मंगळवारी जायचा

आमच्या घरात पिंट्याचा साताचा पाढा हा एक ठरलेला किस्सा होता, पाव्हणं आलं की कोणतरी सांगणारच. पिंट्या म्हणजे माझा मावसभाऊ (नाव बदललंय, आणि हे लिहू का म्हणून त्याला आणि मावशीला दोघांनाही विचारलंय, दोघंही हो म्हणाले, पिंट्या तर म्हणाला फोटोपण टाक). पहिलीपासून तो आमच्याकडं कोल्हापुरात मंगळवार पेठेत शिकायला होता. मी त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, त्यामुळं अभ्यास माझ्या गळ्यात. सोमवारी संध्याकाळी पाढा घोकून घ्यायचे, एकदा नाही, पाच-पाचदा, खडाखडा म्हणायचा पठ्ठ्या. मंगळवारी शाळेत गुरुजींनी उभं केलं की सात एके सात, सात दुणे चौदा, आणि पुढं कोरी पाटी. गुरुजींना वाटायचं हा मुद्दाम करतोय. मलाही तसंच वाटायचं, कारण मी स्वतःच्या कानानं ऐकलेलं ना काल. घरी आल्यावर मी मारायचे त्याला. पट्टीनं. हे लिहिताना हात जड होतोय पण लिहितेच.

बरं पोरगं बोलायला एकदम तेज. दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांची विचारपूस, "काय काकी, गुडघा कसा हाय आता?" असं आठ वर्षाचं पोर विचारतंय म्हणल्यावर माणसं खूश. म्हणूनच तर कुणाला संशय आला नाही. एवढं बोलतंय म्हणजे डोकं असणारच, मग अभ्यासाला नाही म्हणजे आळशी. आळशी, बेरकी, लाडानं शेफारलेलं, हे तीन शब्द त्याच्या नावाला जे चिकटले ते पस्तिशीपर्यंत निघाले नाहीत.

आठवीत शाळा सुटली. मग गॅरेज, मग हॉटेल, मग शिरोली एमआयडीसीत एक फौंड्री. फौंड्रीत सुपरवायझर एका दमात सांगायचा, ते कास्टिंग तिकडं लाव, ट्रॉली रिकामी कर आणि येताना स्टोअरमधनं ग्राइंडिंग व्हील घेऊन ये. हा फक्त व्हील घेऊन यायचा. शेवटचं तेवढं डोक्यात राहिलेलं. सुपरवायझर शिव्या द्यायचा, हा हसायचा (भ्यायला की हसतो तो, आणि त्यानं माणसं अजून पेटतात), चार महिन्यात घरी. पगार ७ तारखेला व्हायचा आणि ९ तारखेला खिशात शंभराची नोट. कुठं गेले विचारलं तर खरंच सांगता यायचं नाही. मंडळाच्या वर्गणीला दिले, कुणाची बायको दवाखान्यात होती त्याला दिले, एकाला मोबाईल घ्यायचा होता त्याला दिले. मागितले की द्यायचे. दुनियेत आपल्याशी गोड बोलणारा माणूस खोटा असू शकतो हे त्याला दरवेळी नव्यानं कळायचं.

आणि मग पोलिसांचं प्रकरण. गाड्यांच्या बॅटऱ्या चोरल्या होत्या कुणीतरी, त्यात ह्याच्या ओळखीची दोन पोरं होती, म्हणून ह्यालाही उचलला. एका चौकीत बसवून विचारलं, तू होतास ना रे त्यांच्यासोबत? हा म्हणाला होय. कुठनं काढल्या, कशा काढल्या, हे पण सांगितलं, अगदी बारकाईनं. आता त्या रात्री तो माझ्या घरात होता हो! आमच्या बारक्या पोरीचा वाढदिवस होता, त्यानं बासुंदीच्या तीन वाट्या खाल्लेल्या, फोटो आहेत मोबाईलमध्ये तारखेसकट. त्या फोटोंवर सुटला. घरी आणल्यावर मी ओरडले, अरे तू नव्हतासच तर होय का म्हणालास? तर म्हणतो, "आक्का, ते सारखं विचारालते, मला वाटलं असन मी."

मला वाटलं असन मी. हे वाक्य डोक्यातनं गेलं नाही. आळशी माणूस असं बोलत नाही, बेरकी तर नाहीच नाही.

मी राजारामपुरीत एका मेडिकलमध्ये काउंटरला आहे, त्यामुळं डॉक्टर लोकांशी ओळखी. एका मानसोपचार डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी त्याला तपासलं, दोन-तीन सिटिंगमध्ये सायकॉलॉजिस्टकडनं टेस्ट करून घेतल्या, आणि मग मावशीला बाहेर बसवून मला विचारलं, जन्माच्या वेळचं काय माहिती आहे? बारीक होता, एवढंच मला ठाऊक. लहानपणीचा फोटो आहे का? जोतिबाला जावळ काढलेलं तेव्हाचा एक फोटो होता, डोंगरावर, गुलालानं माखलेला. डॉक्टरांनी तो मोठा करून बघितला. डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, आणि नाकाखाली ओठापर्यंत जी पन्हळ असते ना आपल्या सगळ्यांना, ती नाहीच, सपाट. आम्हाला कधी दिसलंच नव्हतं. आम्ही म्हणायचो आज्यावर गेलाय.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. आई पोटुशी असताना दारू घ्यायची का?

मी म्हणणार होते छे हो काहीतरीच काय. कारण आपल्याकडं बाई आणि दारू हे एका वाक्यात येतच नाही. सरकारी पाहणीचा आकडापण तसाच आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांत पिणाऱ्या साधारण १ टक्का आणि पुरुषांत १९ टक्के. आता घरी येऊन सासू-सासऱ्यांच्या पुढ्यात विचारल्यावर किती बायका होय म्हणतील हा वेगळा विषय. पण आकडा एवढासा म्हणून बाळंतपणाच्या केसपेपरवर बीपी, शुगर, तंबाखू सगळं विचारतात आणि दारूचं बऱ्याचदा कोण विचारत नाही. आणि विचारलं नाही तर सापडणार कसं?

मावशीला आत बोलावलं. डॉक्टरांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, आणि ती म्हणाली, "व्हय की." एवढंच. जणू कुणीतरी विचारावं म्हणून पस्तीस वर्षं थांबलेली. (आमच्या मावशीची भाषा अस्सल कोल्हापुरी आहे, ती स्वतःबद्दल गेलो, आलो, जेवलो असंच बोलते, ज्यांना सवय नाही त्यांनी गोंधळू नका.) "वीटभट्टीवर होतो आम्ही दोघंबी. दिसभर चिखल तुडवायचा, रातच्याला अंग निस्तं ठणकायचं. ह्यो आणायचा हातभट्टीची, म्हणायचा घे, अंग मोकळं हुतंय. मग मीबी प्यायचो. रोज न्हाई, पण प्यालो की लई प्यायचो. दिवस गेल्यालं मला पाडवा हून गेला तरी ठावं नव्हतं. पावसाळा लागला, भट्टी बंद झाली, म्हायेरला आलो, तवा सुटली."

पिंट्याचा जन्म नोव्हेंबर १९८९ चा. हिशोब करा.

घरी येऊन मी वाचायला बसले, आणि वाचतच गेले. ह्याला नाव आहे. फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, एफएएसडी. त्यातला चेहऱ्यावर दिसणारा, वाढ खुंटलेला जो प्रकार आहे त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम म्हणतात. १९६८ मध्ये फ्रान्समधल्या नाँत शहरात पॉल लेमॉइन नावाच्या बालरोगतज्ज्ञानं पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांची निरीक्षणं छापली होती, फ्रेंचमध्ये, फारसं कुणी बघितलं नाही. मग १९७३ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ ह्या दोघांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं आणि नाव दिलं. म्हणजे पिंट्या जन्मायच्या सोळा वर्षं आधी हे जगात कुणालातरी माहीत होतं. आणि मला खरा धक्का बसला तो पुढं, अमेरिकेत दारूच्या बाटलीवर गरोदर बायकांनी पिऊ नये, बाळाला जन्मदोष होऊ शकतात, अशी सूचना छापायची सक्ती सुरू झाली नोव्हेंबर १९८९ पासून. आमचं बाळ जन्मलं त्या महिन्यात! आपल्याकडं बाटलीवर आरोग्याला हानिकारक आणि पिऊन गाडी चालवू नका हा इशारा सक्तीचा झाला २०१९ पासून, त्यात पोटातल्या बाळाचा उल्लेखच नाही. हातभट्टीच्या फुग्यावर तर काय छापणार म्हणा.

होतं काय तर आई प्यायली की दारू रक्तातनं वारेत (म्हणजे प्लासेंटा, जिच्यातनं बाळाला पोषण जातं) जाते आणि वार तिला अडवत नाही, सरळ पलीकडं. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात आईच्या रक्ताएवढीच. आईचं लिव्हर तरी ती हळूहळू मोडतं, बाळाचं लिव्हर अजून तयार व्हायचंय, आणि परत गर्भजलात ती साठून राहते, म्हणजे आईची उतरली तरी बाळ त्याच पाण्यात. चेहऱ्याची ठेवण ठरते ती अगदी सुरुवातीला, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास, जेव्हा बाईला पाळी चुकलीये हेही नीट कळलेलं नसतं. त्या दिवसांत प्यायली नसेल तर चेहरा अगदी चारचौघांसारखा. मेंदू मात्र नऊच्या नऊ महिने बनत असतो, त्याला कुठलाच महिना सेफ नाही. म्हणून बहुतेक एफएएसडीवाल्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि आमच्या पिंट्याचं जे थोडं दिसत होतं तेही वयानुसार पुसट झालं. ह्याची रक्ताची तपासणी नाही, स्कॅन काढला आणि सापडलं असंही नाही. इतिहास, चेहरा, वाढ, आणि डोकं कसं चालतं त्याच्या टेस्ट, सगळं जुळवून डॉक्टर ठरवतात.

आता तो पाढा. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागाला जोडणारा एक पूल असतो, कॉर्पस कॅलोसम, तो ह्या मुलांत बारीक राहू शकतो, कधीकधी नसतोच. आठवण ठेवायचा भाग, आधी काय मग काय हे ठरवणारा कपाळामागचा भाग, ह्या सगळ्यांवर परिणाम. मला ते कळलं आपल्या २०१९ च्या महापुरावरनं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात आत सगळं आहे पण बाहेरचं दूध नाही, पेट्रोल नाही, टँकर रांगेत उभे, माल आहे पण पोचत नाही. मग पाणी उतरलं की एक दिवस ट्रक येतो. पिंट्याच्या डोक्यात पाढा होता हो. सोमवारी रस्ता चालू होता, मंगळवारी पाणी आलं. आणि मी पट्टी घेऊन बसले होते रस्ता का बंद केलास म्हणून.

गणित, पैसे आणि वेळ, ह्या तीन गोष्टींना ह्यांचा हात खास कमी पडतो. पाच मिनिट आणि अर्धा तास ह्यातला फरक पिंट्याला अंगात कळत नाही, घड्याळ वाचता येतं पण. काल केलेल्या चुकीवरनं आज शहाणं व्हायचं, तेही जमत नाही, कारण कालची चूक आणि आजचा प्रसंग हे दोन वेगवेगळे प्रसंग आहेत त्याच्यासाठी. आणि आठवणीत भोक पडलं की मेंदू ते समोरच्याच्या शब्दांनी बुजवतो. खोटं बोलणं नाही ते. चौकीत तेच झालं.

अमेरिकेतल्या ॲन स्ट्राइसगुथ बाईंनी १९९६ मध्ये अशा ४१५ जणांचा अभ्यास मांडला होता. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर लोकांना डिप्रेशनपासून पुढं काही ना काही मानसिक त्रास होता. १२ वर्षांच्या पुढच्यांत ६० टक्क्यांची शाळा विस्कटलेली आणि तेवढेच कधी ना कधी पोलिसांच्या लफड्यात सापडलेले. वाचताना मला वाटलं ह्या बाई आमच्या घरात येऊन गेल्या की काय. पण त्यांनी एक महत्त्वाचं म्हणलंय, ह्यातलं पुष्कळसं दारूनं थेट केलेलं नाही, ते मागनं झालेलं आहे. ज्यांना सहा वर्षांच्या आत ओळखलं गेलं आणि ज्यांना स्थिर, मारझोड नसलेलं घर मिळालं त्यांचं बरंच बरं चाललं. मारझोड नसलेलं. मी पान मिटलं तिथं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

नातेवाईकांत बातमी पसरली तशी ठरलेली प्रतिक्रिया आली. आईनंच वाटोळं केलं पोराचं. एका आत्यानं तर मावशीच्या तोंडावर म्हणलं. मला ह्याचा एवढा संताप येतो. अहो बाटली आणून द्यायचा तो नवरा कुठं गेला ह्या गोष्टीतनं? (२००४ मध्ये लिव्हरनं गेला, ते सोडा.) भट्टीवर सात महिने राबवून घेणारा मालक? दक्षिण आफ्रिकेत द्राक्षाच्या मळ्यांवर मजुरांना मजुरीचा एक भाग म्हणून वाईनच द्यायची पद्धत होती, डॉप सिस्टिम म्हणायचे, आणि आज जगात एफएएसडीचं सगळ्यात जास्त प्रमाण तिथं सापडतं, अंदाजे हजारात १११, जगाची सरासरी हजारात आठच्या आसपास असताना. तिथं पण आयांनाच विचारणार का, का प्यालात म्हणून? आणि हे ऐका, १९६० च्या दशकापासून पुढं बरीच वर्षं मुदतीआधी कळा सुरू झाल्या तर त्या थांबवायला परदेशात खुद्द डॉक्टर गरोदर बाईला अल्कोहोलची सलाईन लावायचे! शिकलेल्या लोकांना ठाऊक नव्हतं, वीटभट्टीवरच्या बाईला कुठनं असणार.

आणि पिणाऱ्या प्रत्येक बाईच्या बाळाला होतं असंही नाही. जागतिक अंदाज आहे की गरोदरपणात दारू घेणाऱ्या १३ बायकांत साधारण एकीच्या बाळाला एफएएसडी होतो. किती, कधी, एका बैठकीत किती, आईचं खाणंपिणं, जनुकं, सगळ्याचा हात असतो. बापाच्या पिण्याचाही बाळावर परिणाम होतो असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसायला लागलंय, त्यावर काम चालू आहे. पण कुणाची ती तेरावी हे आधी कळत नाही, म्हणून एवढी चालते, बिअर चालते, वाईन तर फळाचीच असते, ह्यातलं काहीच खरं नाही. सुरक्षित असं माप सापडलेलं नाही. आणि आता हे फक्त वीटभट्टीवरचं राहिलेलं नाही, हॉटेलात जेवायला गेल्यावर बघताय की.

माझ्या काउंटरवरची गोष्ट सांगते. दशमूलारिष्ट मागायला येतात, बाळंतिणीला देतात आपल्याकडं. त्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की त्यात आंबवताना आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे, दहा टक्क्यांपर्यंतसुद्धा. आसव-अरिष्ट सगळ्याचंच ते. आता कुणी गरोदर बाईसाठी मागायला लागलं की मी आधी विचारते, वैद्यांनी लिहून दिलंय का, आणि त्यांना पोटुशी आहे हे ठाऊक आहे का? मालकांना वाटतं मी गिऱ्हाईक घालवते. घालवते तर घालवते. अजून एक, दिवस गेलेत हे कळायच्या आधी कुणी प्यायलं असेल तर घाबरून गप्प बसू नका, आज थांबवलं तरी पुढच्या महिन्यांचा मेंदू वाचतो, डॉक्टरांना सांगा. फक्त ज्यांना रोजची भरपूर सवय आहे त्यांनी घरीच एकदम बंद करू नये, अंगाला थरथर, फिट येऊ शकते, ते डॉक्टरांच्या देखरेखीतच.

गावागावात बायका दारूचं दुकान बंद करायला मतदान घेतात, उभी बाटली का आडवी बाटली, त्यात भाषणं असतात नवरा मारतो, पैसे उडवतो, संसार मोडतो. सगळं खरं. पण पोटातल्या बाळाचं कुणी बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

असो, आता पिंट्या. औषध नाही ह्याला. बरा होणार नाही, मोठा झाला की सुधारेल हेही नाही, छत्तीस वर्षांचा झालाय. झोपेची, चिडचिडीची गोळी डॉक्टर देतात ती वेगळी. बदललं ते आम्ही कसं वागतो ते. एका वेळी एकच काम सांगायचं, झालं की दुसरं. मोबाईलला सहा अलार्म, प्रत्येकाला फोटो लावलाय, आंघोळीच्या अलार्मला बादलीचा फोटो. बँकेचं खातं मावशी आणि त्याच्या जोडनावावर, रोजचे शंभर रुपये पाकिटात, तेवढेच. कुणी पैसे मागितले तर म्हणायचं एक वाक्य पाठ करून घेतलंय, "आक्काला विचारून सांगतो." शर्टच्या खिशात माझा नंबर लिहिलेलं कार्ड, लॅमिनेट करून.

आणि काम मिळालं ते गंगावेशीतल्या एका गवळी मामांच्या गोठ्यात. ज्यांनी गंगावेशीचा दूध कट्टा बघितलाय त्यांना सांगायला नको, म्हशी पुढ्यात उभ्या, धार काढून फेसाळलेलं दूध तसंच ग्लासात. म्हशींचं एक बरं असतं, त्या रोज तेच मागतात. त्याच वेळेला, त्याच क्रमानं. वैरण, पाणी, शेण, धुणं, धार. आणि चुकलं तर म्हैस लगेच हंबरते, म्हणजे आठवण करून द्यायला अकरा म्हशी उभ्या आहेत, अलार्म लागतच नाही! जनावरावर हात एवढा हलका आहे त्याचा, लाथ मारणारी म्हैस ह्याच्याकडं गप्प उभी राहते. मामा म्हणतात असा गडी मिळाला नाही. फौंड्रीतला तो बिनकामाचा आणि गोठ्यातला हा, माणूस एकच.

चूक एक झाली ती सांगायलाच पाहिजे. सहा महिने सगळं इतकं छान चाललं की आम्हाला वाटलं आता शिकला हा. मावशी म्हणाली, "आता कार्टं मार्गाला लागलंय, किती दिस पाकीट मोजून द्यायचं?" मीपण हो म्हणले. एटीएम कार्ड हातात दिलं, अलार्म दोन ठेवले. तिसऱ्या आठवड्यात एका ओळखीच्यानं त्याच्या नावावर हप्त्यानं टीव्ही उचलला, खात्यातले सतरा हजार गेले, आणि हा दोन रात्री घरी आला नाही, का तर आक्का रागावेल. पंचगंगा घाटावर सापडला. दोडक्याचा वेल मांडवावर छान पसरलाय म्हणून मांडवच काढून घेतला आम्ही, वेल तर काय करणार, आला खाली. आता सगळं परत लावलंय आणि काढायचं नाही असं ठरलंय. मावशीनं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय "पाकीट बंद करायचं न्हाई", ते पिंट्यासाठी नाही, आमच्यासाठी आहे.

दिव्यांगाच्या सर्टिफिकेटचं मात्र जमलं नाही. त्याचा आयक्यू ८१ आला. बौद्धिक अक्षमतेसाठी साधारण ७० च्या खाली लागतो. पहिल्या प्रकारातल्या, म्हणजे चेहऱ्यावर दिसणाऱ्या लोकांचासुद्धा स्ट्राइसगुथ बाईंच्या अभ्यासात सरासरी आयक्यू ७९ होता, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक ह्या दारातनं आत जाऊच शकत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ह्याचं नाव नाही. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानं पालक नेमता येतो, पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच. मावशी आता अडुसष्ट वर्षांची आहे. ती मला दर आठवड्याला विचारते, "माझ्यामागं कसं गं?" मी म्हणते मी आहे. मग ती माझ्या पांढऱ्या केसांकडं बघते.

पिंट्याला स्वतःला हे सांगायचं की नाही ह्यावर आमच्यात बरेच दिवस चाललं होतं. शेवटी मावशीनंच सांगितलं, एका रविवारी, जेवणं झाल्यावर. तू पोटात असताना मी दारू प्यालो, मला ठावं नव्हतं, त्यानं तुझ्या डोक्याला जरा अडचण झाली. रडली खूप. तो ऐकत बसला, मग म्हणाला, "म्हंजी मी येडा न्हाई?" न्हाई बाळा. "मग गाभण म्हशीलाबी द्याची न्हाई कुणी." आणि गेला गोठ्यावर.

पुढच्या महिन्यात त्यानं परत विचारलं. आई, माझं असं का होतंय गं? सगळं विसरलेला. मावशीनं माझ्याकडं बघितलं, मी म्हणले राहू दे, मी सांगते. ती नको म्हणाली आणि परत पहिल्यापासनं सांगितलं, भट्टी, पाडवा, पावसाळा. परत रडली. त्यानंतर आजपर्यंत सात-आठदा झालंय. काल मी गेले तेव्हा ती गवारी मोडत बसली होती, हा दारात बूट काढता काढता विचारत होता, आणि ती शेंगेचे दोरे काढत सांगत होती, "बस हितं. आम्ही दोघं वीटभट्टीवर होतो तवाची गोष्ट हाय."